रंग मिसळला की मळतो? तिसरा रंग कुठून आला ते शोधा

जलरंग आणि पोस्टर कलर वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: ट्यूबमधून काढलेला रंग झळाळतो, आणि दुसऱ्या रंगात मिसळला की मरतो. आधी आपलं दुखणं यातलं नेमकं कोणतं ते ओळखा.

लक्षणं

– जांभळा करायला घेतला, पण तपकिरी किंवा काळपट झाला.
– हिरवा शेवाळलेला दिसतो, कोवळ्या उसाचा पोपटी काही केल्या येत नाही.
– चित्राचा पहिला भाग स्वच्छ, पण तासाभरानं लावलेला प्रत्येक रंग करडा.
– दुसरा थर दिला की खालचा रंग उचलून येतो आणि दोन्हींचा चिखल होतो.
– ओला असताना छान, वाळल्यावर फिका आणि पिठूळ.
– रात्री बरोबर वाटलेला रंग सकाळी खिडकीपाशी भलताच दिसतो.
– पावसाळ्यात कागदावर गडद ठिपके उठतात, वॉश (पाण्यानं पातळ केलेल्या रंगाचा थर) सपाट बसत नाही.

या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. लाल, पिवळा आणि निळा, तिन्ही एका मिश्रणात आले की रंग तपकिरी किंवा राखाडीकडे जातो. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला काही भाग शोषतं. दोन रंगद्रव्यं मिळून बराच भाग शोषतात, आणि तिसरं आलं की डोळ्यापर्यंत परत यायला फारसं काही उरतच नाही. म्हणून रंग मळला की विचारायचं ते एवढंच: मी दोनच रंग घेतले होते, मग तिसरा आला कुठून? तो पाण्यातून येतो, ब्रशमधून येतो, खालच्या ओल्या थरातून येतो, आणि पुष्कळदा ट्यूबमध्येच लपलेला असतो. पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक तपासणीपर्यंत आहे. तो मोडून थेट महागडा रंगसंच आणणं हा या तक्रारीवरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी उपयोगाचा उपाय आहे.

१. उजेड

पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग कागदावर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून हात आपोआप जास्त पिवळा घेतो. निळा तिथे मेलेला वाटतो, म्हणून निळाही वाढतो. रंग मिसळायचं काम दिवसा, शक्यतो उत्तरेच्या खिडकीपाशी करा, कारण तिथे थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर साधारण एकसारखा राहतो. रात्रीच बसायचं असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा अधिक आहे का ते बघा. रात्री केलेलं मिश्रण सकाळी तपासल्याशिवाय मोठ्या कागदावर लावू नका.

२. पाणी

दोन भांडी हवीत, प्रत्येकी अर्धा लिटर तरी. एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त रंगात घालायचं स्वच्छ पाणी घ्यायला. ‘तासाभरानं सगळं करडं’ हे लक्षण बहुतेक वेळा एकाच भांड्यामुळे असतं. त्या भांड्यात आतापर्यंत वापरलेले सगळे रंग असतात, आणि पातळ वॉशमध्ये रंगापेक्षा पाणीच जास्त असल्यामुळे तो गढूळपणा थेट कागदावर उतरतो.

तपासायला दुसऱ्या भांड्यातलं पाणी पांढऱ्या कपात ओता. तळ रंगीत दिसला तर पाणी बदला. पिवळ्या वॉशच्या आधी तर न बघताच बदला. बोअरचं पाणी जड असेल तर काही रंगांचे कण त्यात गोळा होऊन दाणे पडतात. अशा वेळी पिण्याचं गाळलेलं पाणी वापरून एकदा तोच रंग लावून बघा.

३. ब्रश आणि पॅलेट

वरून स्वच्छ दिसणाऱ्या ब्रशच्या पोटात रंग असतो. जिथे केस धातूच्या नळीत शिरतात तिथे तो साचतो आणि ब्रश दाबला की बाहेर येतो. धुतलेला ब्रश ओल्या पांढऱ्या फडक्यावर नळीजवळ चिमटीत दाबा. डाग आला तर ब्रश धुतलेला नाही. साधा अंगाचा साबण तळहातावर घेऊन केस हलकेच फिरवा, साध्या पाण्यानं धुवा, आणि फेस पांढरा येईपर्यंत थांबू नका. गरम पाणी नको, नळीतला डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात.

पिवळ्यासाठी एक ब्रश कायमचा वेगळा ठेवा, त्याच्या दांड्याला पिवळा दोरा बांधा. पिवळा सगळ्यात दुबळा रंग आहे. त्यात प्रशियन ब्लूचा अंशही शिरला की तो हिरवा होतो. घट्ट रंगाच्या वड्या वापरत असाल तर रोज सुरुवातीला पिवळ्या वडीचा वरचा थर ओल्या ब्रशनं उचलून टाका.

पॅलेटबद्दल उगाच काळजी केली जाते. प्लॅस्टिकवर प्रशियन किंवा थॅलो ब्लूचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. डागावरून ओला कापूस फिरवा. कापूस स्वच्छ राहिला तर तो फक्त डाग आहे, मिश्रणात येत नाही. खरा धोका कालच्या वाळलेल्या मिश्रणाचा. पोस्टर कलर आणि जलरंग वाळल्यावरही पाण्यात विरघळतात, त्यामुळे काल केलेला तपकिरी आज तुमच्या गुलाबीत उतरतो. चिनी मातीची पांढरी बशी पॅलेट म्हणून उत्तम. धुवायला सोपी, आणि मिश्रण त्यावर कागदावर दिसेल तसंच दिसतं.

४. वाळण्याची वाट

कोल्हापुरात ही तपासणी ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिलच्या दुपारी पंचगंगा घाटावर वॉश पाच-दहा मिनिटांत वाळतो. जुलैमध्ये तोच वॉश घरात अर्धा-पाऊण तास ओलसर राहतो, आणि चकाकी गेली म्हणून वाळला असं समजून दुसरा थर दिला की चिखल ठरलेला. खालचा थर अर्धा ओला असताना त्याचे कण सुटे असतात. वरून ब्रश फिरला की ते उचलून नव्या रंगात मिसळतात. खाली पिवळं आणि नारिंगी आकाश, वर निळसर ढग असेल तर तिन्ही रंग हातोहात एकत्र येतात. रंकाळ्याच्या संध्याकाळची चित्रं बिघडतात ती इथेच.

कागदाला बोटांची पाठ लावा, पेरं नव्हे. गार लागला तर आत ओल आहे, थांबा. केस वाळवायचा ड्रायर चालतो, पण चकाकी गेल्यावरच, एक फूट अंतरावरून आणि हलवत राहून. आधी लावला तर वाऱ्यानं रंग ढकलला जाऊन कडा उमटतात.

वाळलेल्या थरावरही दुसरा थर दोन-तीन फटक्यांत द्या आणि हात काढा. ‘थोडं नीट करू’ म्हणून पुन्हा पुन्हा घासलं की खालचा रंग पाण्यात येतोच. पोस्टर कलरमध्ये तर जास्तच, कारण त्यात डिंक आणि भराव दोन्ही असतात. तिथे वरचा थर पातळ ताकासारखा नको, जाड आणि एकाच दिशेनं द्यायचा.

संध्याकाळच्या आकाशासाठी निळा आणि नारिंगी एकमेकांत थेट नेऊ नका. हे विरोधी रंग, भेटले की राखाडीच होणार. दोघांमध्ये क्रिमसनचा पातळ गुलाबी पट्टा घ्या. नारिंगी गुलाबीत नीट विरते, गुलाबी निळ्यात विरून फिकट जांभळं होते, आणि राखाडी पट्टा टळतो.

५. पांढरा आणि काळा

‘वाळल्यावर पिठूळ’ या लक्षणाचं उत्तर जवळजवळ नेहमी पांढऱ्यात असतं. पारदर्शक जलरंगात फिका करायला पाणी घालायचं, पांढरा नाही. चायनीज व्हाइट घातला की कागदाची झळाळी झाकली जाते आणि रंग थंड, दुधाळ होतो. व्हर्मिलियनमध्ये पांढरा घातला तर ‘उजळ लाल’ मिळत नाही, गुलाबीच मिळतो. लाल उजळ हवा असेल तर किंचित पिवळा घाला.

पोस्टर कलरमध्ये पांढरा लागतोच. तिथे एवढं लक्षात ठेवा की गडद छटा वाळल्यावर थोड्या फिक्या होतात आणि फिक्या छटा थोड्या गडद. म्हणून परीक्षेच्या कागदावर लावण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर ठिपका द्या, पूर्ण वाळू द्या, मग ठरवा. आणि मोठी जागा भरायची असेल तर सगळं मिश्रण एकदमच करून झाकणाच्या डबीत ठेवा. संपलं म्हणून पुन्हा केलेलं मिश्रण पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही.

काळ्यानं सावली करायची सवय सोडा. काळा पिवळ्यात गेला की हिरवट होतो, लालात गेला की विटकरी-तपकिरी. अंबाबाईच्या देवळाचा किंवा न्यू पॅलेसचा काळा दगड रंगवतानाही ट्यूबमधला काळा मेलेला दिसतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) जवळजवळ सारख्या प्रमाणात घट्ट मिसळा, खोल काळा मिळतो. उन्हाच्या बाजूला सिएना वाढवा, सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन. दगड लगेच वजनदार दिसायला लागतो, कारण त्या काळ्यात उष्ण आणि थंड दोन्ही बाजू शिल्लक असतात.

६. रंगाचा कल

इथवर सगळं नीट असूनही जांभळा तपकिरीच होत असेल, तर तिसरा रंग ट्यूबमध्ये आहे. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि शाळेत शिकवलेलं ‘लाल अधिक निळा बरोबर जांभळा’ इथेच अपुरं पडतं. कोणता लाल? कोणता निळा? बाजारातला कुठलाच रंग शुद्ध लाल किंवा शुद्ध निळा नसतो. प्रत्येक जण शेजारच्या एका रंगाकडे झुकलेला असतो.

व्हर्मिलियन आणि स्कार्लेट नारिंगीकडे झुकतात, म्हणजे त्यांच्या पोटात पिवळा आहे. क्रिमसन जांभळ्याकडे झुकतो. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकतो, त्यातही पिवळ्याचा अंश आहे असंच धरा. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. पिवळ्यांपैकी लेमन यलो हिरवटाकडे, गॅम्बोज नारिंगीकडे.

आता तो बिघडलेला जांभळा बघा. व्हर्मिलियन आणि प्रशियन घेतले होते. दोघांनीही आपापला पिवळा आणला आणि जांभळा जवळजवळ काळा झाला. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्या. दोन्ही जांभळ्याकडेच झुकलेले, पिवळा कुणाकडेच नाही. जांभळा स्वच्छ येतो.

हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू, दोन्ही हिरव्याकडे झुकलेले, म्हणून कोवळ्या उसाचा धारदार पोपटी मिळतो. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन घेतले तर दोघांकडे थोडा थोडा लाल आहे, म्हणून शेवाळी हिरवा मिळतो. तो वाईट नाही. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारावरची जुनी झाडी त्याच हिरव्याची असते. फक्त तो हवा तिथे हवा. नारिंगी झळझळीत हवी तर व्हर्मिलियन आणि गॅम्बोज घ्या. क्रिमसन आणि लेमनची नारिंगी फिकट विटेकडे जाते.

हे वाचून पाठ होत नाही, हातानं करावं लागतं. एका ए-फोर कागदावर तीन-तीन सेंटिमीटरचे बारा चौकोन आखा. दोन लाल, दोन निळे, दोन पिवळे घ्या. प्रत्येक लाल प्रत्येक निळ्याशी, प्रत्येक निळा प्रत्येक पिवळ्याशी, प्रत्येक पिवळा प्रत्येक लालाशी. बरोबर बारा मिश्रणं होतात. प्रत्येकाखाली दोन्ही ट्यूबची नावं लिहा. हा तक्ता कामाच्या जागी भिंतीला लावा. तुमच्याच ट्यूब, तुमचंच पाणी, तुमचाच कागद, त्यामुळे कुठल्याही छापील रंगचक्रापेक्षा तो जास्त खरा.

प्रमाणाबद्दल: नेहमी फिका रंग आधी घ्या आणि त्यात गडद घाला. वाटाण्याएवढ्या लेमन यलोत मोहरीएवढा प्रशियन पुरतो. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत गेलं, तर अर्धी पिवळी ट्यूब संपते आणि हिरवा तरीही गडदच राहतो. मग तो ‘उठवायला’ तिसरा रंग घातला जातो, आणि पुढचं ठाऊकच आहे.

७. ट्यूबची पाठ

दोन ट्यूब म्हणजे दोन रंगद्रव्यं असं नसतं. चांगल्या ट्यूबच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडा असतो. पी-वाय म्हणजे पिवळा, पी-आर लाल, पी-बी निळा, पी-जी हिरवा, पी-व्ही जांभळा, पी-डब्ल्यू पांढरा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ म्हणजे प्रशियन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू. ट्यूबवर एकच संकेत असेल तर एकच रंगद्रव्य, तीन असतील तर तुम्ही मिसळण्याआधीच तीन मिसळलेत.

सॅप ग्रीन आजकाल बहुतेक वेळा हिरवा आणि पिवळा मिळून केलेला असतो, पेन्स ग्रेमध्ये सहसा निळा आणि काळा असतात. सॅप ग्रीनमध्ये क्रिमसन आणि वर पेन्स ग्रे घातला की बशीत पाच रंगद्रव्यं झाली. नियम साधा ठेवा: एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त संकेत नकोत, आणि मोजायचे ते संकेत, ट्यूब नव्हेत. विद्यार्थ्यांच्या स्वस्त डब्यात कित्येकदा संकेत छापलेलेच नसतात. तिथे वरचा बारा चौकोनांचा तक्ता हीच तपासणी.

८. कागद

इथून खर्च सुरू होतो. कागदाला आत आणि वर सरस दिलेला असतो, त्यामुळे रंग वर राहतो आणि झळाळतो. सरस कमी असेल तर रंग आत शोषला जातो आणि कितीही शुद्ध असला तरी निस्तेज दिसतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभर थेंब फुगीर राहिला तर ठीक. लगेच पसरून गडद डाग झाला तर तो कागद जलरंगाचा नाही, पोस्टर कलरला ठेवा.

पावसाळ्यात ठेवणीतल्या कागदाचा सरस ओलीनं बिघडतो, आणि वॉश दिल्यावर गडद ठिपके उठतात ते त्यामुळेच. असा कागद दुरुस्त होत नाही, सरावाला वापरा. नवा कागद जूनच्या आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बंद करून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवा.

पातळ कागद ओला झाला की लाटा येतात, लाटांच्या खळग्यांत रंगाची डबकी साचतात आणि शेजारची डबकी एकमेकांत वाहतात. मळण्याचं हे कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. जास्त पाण्याचं काम असेल तर ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या, किंवा पातळ कागद आधी पूर्ण भिजवून फळीवर चारी बाजूंनी डिंकपट्टीनं ताणून वाळवा.

९. नवे रंग घ्यायचेच असतील तर

अख्खा संच नको. आधी फक्त सहा सुट्या ट्यूब, एक-संकेती: लेमन यलो आणि एक उष्ण (नारिंगीकडे झुकणारा) पिवळा, व्हर्मिलियन छटेचा लाल आणि एक थंड (जांभळ्याकडे झुकणारा) लाल, अल्ट्रामरीन आणि प्रशियन किंवा थॅलो ब्लू. सातवी बर्न्ट सिएना. थंड लालासाठी पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असलेली ट्यूब मिळाली तर तीच घ्या. जुन्या पद्धतीचा अलिझारिन क्रिमसन, पीआर ८३, भिंतीवर लावलेल्या चित्रात उजेडानं उडत जातो.

ट्यूब पाठोपाठ विकत घेण्याआधी एक दुपार कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात इथलेच जुने चित्रकार अबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर, किंवा राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात निसर्गचित्रांसमोर घालवा. चित्राचा एक तळहाताएवढा भाग निवडा आणि त्यात शुद्ध रंग किती आणि करडा किती ते मोजा. करडाच जास्त निघतो. तो मळलेला दिसत नाही, कारण तो मुद्दाम केलेला असतो, उष्ण की थंड हे ठरवून केलेला असतो, आणि त्याच्या शेजारी एखादा स्वच्छ रंग ठेवलेला असतो.

थांबायचं कधी, आणि कुणाकडे जायचं

बिघडलेली जागा ओल्या स्वच्छ ब्रशनं भिजवून टिपकागदानं उचलता येते. पण दोनदाच. तिसऱ्यांदा कागदाचे तंतू उभे राहतात आणि तिथे पुन्हा कुठलाच रंग नीट बसत नाही. प्रशियन आणि थॅलो तर कागदात मुरतात, ते पूर्ण उठतच नाहीत. तिथे थांबा आणि नवा कागद घ्या.

सगळ्या तपासण्या करूनही मळतच असेल तर दोष हाताच्या हालचालीत आहे, आणि तो वाचून कळत नाही. कलाशिक्षकांसमोर बसून तासभर मिश्रण करून दाखवा. पूर्ण झालेलं चित्र नेऊन उपयोग नाही, त्यांना तुमचा ब्रश पाण्यातून बशीत आणि बशीतून कागदावर जाताना दिसायला हवा.

मुलगा किंवा मुलगी हिरवा आणि तपकिरी, किंवा जांभळा आणि निळा वारंवार एकच समजत असेल, तर रागावू नका आणि जादा सरावही लावू नका. नेत्रतज्ज्ञांकडून रंगदृष्टीची तपासणी करून घ्या, ठिपक्यांच्या तक्त्यांची ती चाचणी काही मिनिटांची असते. लाल-हिरव्यातला फरक न दिसण्याचा दोष सहसा जन्मजात असतो आणि मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. अशा मुलानं ट्यूबला ठळक अक्षरात नावं लिहून आणि वरचा तक्ता बघून रंग निवडला तर तो उत्तम चित्र काढू शकतो. वयस्कर माणसाची चित्रं हळूहळू जास्त निळी किंवा जास्त पिवळी होत चालली असतील तर मोतीबिंदूची शंका घ्या. एकेक डोळा झाकून त्याच पांढऱ्या कागदाकडे बघा. एका डोळ्याला तो पिवळसर दिसला तर रंग बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ब्रशचं टोक तोंडात घालून जुळवायची सवय असेल तर आजच बंद करा. अस्सल क्रोम यलोमध्ये शिसं असतं आणि कॅडमियमचे रंगही पोटात जाता कामा नयेत. सुकी रंगपूड वापरणाऱ्यांनी मास्क लावावा. खोकला किंवा त्वचेवर पुरळ सुरू झालं तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावं, जाताना रंगाची ट्यूब किंवा पाकीट बरोबर न्यावं.

आणि घरात आजोबा-पणजोबांचं तैलचित्र काळवंडलं असेल तर वरचं सगळं विसरा. ओलं फडकं, साबण, कापलेला बटाटा, काहीही लावू नका. तो काळेपणा अनेकदा पिवळ्या पडलेल्या वॉर्निशचा आणि धुराचा असतो, आणि घासताना वॉर्निशबरोबर मूळ रंगही निघतो. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, चित्र ओलीच्या भिंतीवरून उतरवा, पृष्ठभागाला काही टेकणार नाही असं कोरड्या जागी उभं ठेवा, आणि चित्र-संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसालाच दाखवा.